परमिटशिवाय शटडाऊन

दुकानातून नवाकोरा कॉम्प्युटर घरी आणायचा, थर्माकोलचे ठोकळे जपून कपाटावर ठेवायचे, पडद्यावरची झिल्ली सोलायची, नारळ फोडायचा आणि दुसऱ्याच दिवशी तो डबा ऑटोत घालून पुन्हा दुकानात न्यायचा. का, तर यातली नवी विंडोज काढा आणि जुनी टाकून द्या. हा उद्योग जगभर चालतो आणि बराच काळ चालत आला आहे. २००७ च्या जानेवारीत व्हिस्टा आली, तेव्हा लोकांनी ती काढून एक्सपी टाकून घेतली. २०१२ मध्ये आठ आली, ती काढून सात. २०१५ मध्ये दहा आली, ती काढून पुन्हा सातच. आता नव्या मशीनमध्ये अकरा येते आणि लोक ती काढून दहा मागतात. तीच दहा, जी तेव्हा फुकट मिळत असूनही नको होती आणि जिच्या ‘घ्या ना, घ्या ना’ अशा आग्रहाच्या खिडक्या बंद करता करता बोटं दुखली होती. नऊ नंबरची विंडोज तर आलीच नाही. तिला काढून टाकण्याच्या त्रासातून कंपनीने ग्राहकांना परस्पर सोडवलं, आणि तिच्या इतिहासातली सर्वांत लोकप्रिय कृती बहुधा हीच असावी.

या वागण्याचं एक तयार स्पष्टीकरण घरोघरी आहे आणि ते पुण्याला नोकरीला असलेल्या मुलाकडून फोनवर मिळतं: “बाबा, तुम्हाला नवीन काही शिकायचंच नसतं.” हे स्पष्टीकरण सोपं आहे, लागणारं आहे आणि चुकीचं आहे. आळशी माणूस समोर आलेलं गिळतो. विंडोज उतरवणारा माणूस डबा उचलतो, दोन दिवस दुकानात सोडतो, फोटो आणि फायली पेन ड्राइव्हवर काढून ठेवतो, प्रिंटरची हरवलेली सीडी माळ्यावरून शोधून आणतो आणि या सगळ्याचे वर पैसे मोजतो. एवढ्या खटाटोपात अकरा विंडोज दोनदा शिकून झाली असती. भीती म्हणावी, तर तीही नाही. हाच माणूस फोनमध्ये रोज नवं काहीतरी उघडून बसतो आणि नातीला रील पाठवतो. मग त्याला जुनीच विंडोज का हवी? मला दिसतं ते असं, की जुनेपणाशी त्याला काही देणंघेणं नसतं. जिच्यात आता नवीन काही व्हायचं राहिलेलं नाही अशी सिस्टीम त्याला हवी असते, आणि अशी सिस्टीम बाजारात फक्त जुन्या मालातच मिळते.

हे म्हणणं तपासून पाहायला ऊर्जानगराइतकी सोयीची जागा नाही. चंद्रपूरला लागून, दुर्गापूरच्या शेजारी वसलेली ही वसाहत चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राची. १९८३ साली इथलं पहिलं २१० मेगावॅटचं युनिट सुरू झालं. आज २१० ची दोन आणि ५०० ची पाच मिळून २,९२० मेगावॅटचा कारभार आहे. या पॉवर हाऊसमध्ये ज्याने नोकरी काढली त्याच्या अंगात एक शिस्त मुरलेली असते: चालत्या मशीनला परमिटशिवाय हात लावायचा नाही. साधा पंप दुरुस्तीला घ्यायचा तरी आधी परमिट लिहायचं, सप्लाय काढायचा, फ्यूज काढून ठेवायचे, ‘काम चालू आहे’ची पाटी टांगायची, सही घ्यायची. काम झालं की परमिट परत करायचं आणि पुन्हा सही. अख्खं युनिट ओव्हरहॉलला घ्यायचं तर कार्यक्रम कितीतरी आधी ठरतो, लोड डिस्पॅचला कळवावं लागतं. आणि न ठरवता युनिट बंद पडलं, तर त्याला फोर्स्ड आउटेज म्हणतात. मग ट्रिप किती वाजता झालं, कशाने झालं, त्या वेळी पॅनेलवर कोण होतं, याची उत्तरं कुणालातरी द्यावी लागतात.

असा माणूस महानिर्मितीतून निवृत्त होतो. (कागदावर महानिर्मितीतून. तोंडाने तो ‘बोर्डा’तूनच निवृत्त होतो. २००५ साली वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या, हे अपडेट त्याने अजून टाकून घेतलेलं नाही.) फंडाच्या पैशांतून तो कॉम्प्युटर घेतो आणि नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी हयातीच्या दाखल्याचा फॉर्म भरत बसतो. जिवंत असल्याचं निम्मं सिद्ध झालेलं असतं, तेवढ्यात पडदा निळा होतो, मधोमध टिंबांचं रिंगण फिरू लागतं आणि खाली अक्षरं येतात: अपडेट चालू आहे, ३० टक्के, कॉम्प्युटर बंद करू नका. आता हे शटडाऊन घेतलं कुणी? परमिट कुणाच्या नावाचं? काम कोणतं निघालंय? लोड किती वाजता परत मिळेल? थंड बॉयलर पेटवून युनिट लाइनवर घ्यायला किती तास लागतील ते पॅनेलवरचा माणूस बऱ्यापैकी सांगू शकतो. तीस टक्क्यांचे एकतीस कधी होतील हे सांगणारा माणूस पृथ्वीवर नाही. स्वयंपाकघरातून विचारणा होते, “झालं का तुमचं?” “नाही. फोर्स्ड आउटेज आहे.” “मंग जेवून घ्या.” तो जेवून येतो तोवर पस्तीस टक्के झालेले असतात. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू होते, तेव्हा खालच्या पट्टीवर हवामानाचं एक चित्र उगवलेलं असतं आणि त्यावर बाहेर ऊन असल्याची बातमी असते. चंद्रपुरात. एवढ्यासाठी युनिट रात्रभर बाहेर होतं.

यावर जाणकार हसतात. त्यांचं म्हणणं असं, की ही सगळी अडाण्यांची रड आहे. सेटिंग्जमध्ये ‘ॲक्टिव्ह अवर्स’ नावाची सोय आहे. आपल्या कामाचे तास सांगून ठेवा, त्या वेळात मशीन स्वतःहून बंद होणार नाही. हवं तर अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवूनही ठेवता येतात. हे खरं आहे आणि ज्याची ड्यूटी दहा ते सहा आहे त्याने त्याचा जरूर लाभ घ्यावा. ऊर्जानगर शिफ्टवर चालतं. या आठवड्यात सकाळची, पुढच्यात दुपारची, मग रात्रीची; आणि घरात दोघं कामाला असतील तर दोघांचं चक्र वेगवेगळं. कामाचे तास सांगायचे तर जास्तीत जास्त अठरा सांगता येतात, आणि उरलेल्या सहांत नेमका कोणीतरी रात्रपाळीहून येऊन वीजबिल भरत असतो. मशीन तुमची सवय बघून तास स्वतःच ओळखते, अशीही सोय आहे म्हणे. ती ओळखते तोवर शिफ्ट बदललेली असते. थांबवून ठेवण्याचं म्हणाल, तर पॉवर हाऊसमध्येही ओव्हरहॉल पुढे ढकलतात. पण पुढे ढकलण्याचं पत्र युनिट लिहीत नाही, इंजिनिअर लिहितो. आणि परवानगीचं एवढं वावडं असलेली हीच विंडोज अकरा, तिची होम आवृत्ती, पहिल्यांदा सुरू करताना मालकाकडे मात्र इंटरनेट मागते, कंपनीकडचं खातं मागते, पासवर्ड मागते. घरमालकाने आत यायला परमिट काढायचं आणि भाडेकरूने वाटेल तेव्हा भिंत पाडायची, असा हा करार आहे.

दुसरा पुरावा खुद्द कंपनीचा. मायक्रोसॉफ्टच्या परवान्यात मागे जाण्याचा हक्क रीतसर लिहून दिलेला असतो. व्हिस्टाची बिझनेस आवृत्ती घेणाऱ्याला एक्सपी प्रोफेशनल वापरायचा हक्क होता, आठच्या प्रोवाल्याला सातचा, दहाच्या प्रोवाल्याला ८.१ चा किंवा सातचा. अकराच्या प्रोवाल्याला आता दहाचा आहे. जे कुणालाच नको असतं त्याचा हक्क कोणी वकील लावून लिहीत बसत नाही. यातली मेख एवढीच, की हा हक्क प्रोला आहे, स्वस्तातल्या होमला नाही. म्हणजे ज्याला मागची सिस्टीम हवी, त्याने आधी पुढची घ्यायची आणि तीही वरच्या दर्जाची. ज्यांनी जुन्या मशीनवरच नवी चढवून घेतली त्यांना परतीसाठी दहा दिवसांची मुदत आहे. दहावं झालं की जुनीच्या फायली विसर्जित होतात, आणि पुढे अकरावीबरोबर संसार.

कंपनी स्वतःही एकदा उलट फिरली आहे, आणि तो किस्सा खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या बटणाचा. २०१२ च्या ऑक्टोबरात आठ नंबरची विंडोज आली आणि तिच्यात स्टार्टचं बटण नव्हतं. १९९५ पासून जगाला त्या कोपऱ्यात बोट ठेवायची सवय लावली होती, आणि तिथे आता काही नाही. कॉम्प्युटर बंद करायचा तर माउस उजव्या कोपऱ्यात नेऊन धरायचा, तिथून एक पट्टी सरकत येणार, तिच्यातून सेटिंग्ज, तिथून पॉवर, तिथून शटडाऊन. वर्षभर लाखो सुशिक्षित माणसं चालू झालेलं यंत्र बंद कसं करायचं हे एकमेकांना फोनवर विचारत होती. पॉवर हाऊसमध्ये शटडाऊनचं बटण लपवून ठेवणाऱ्याला त्याच पाळीत मेमो मिळाला असता. पुढच्या ऑक्टोबरात ८.१ काढून कंपनीने ते बटण मुकाट जागेवर आणून ठेवलं. अकरामध्ये बटण आहे, पण सरकून मध्याकडे गेलं आहे, आणि उजवं क्लिक केलं की उघडणाऱ्या यादीतल्या जुन्या ओळखीच्या ओळी ‘आणखी पर्याय दाखवा’ या दाराआड बसवल्या आहेत. कॉपी आणि पेस्ट हे शब्द काढून त्यांची बारीक चित्रं केली होती. ती ओळखू येईनात, तेव्हा पुढे चित्रांखाली नावं लिहावी लागली.

आता प्रत्यक्ष उतरवण्याकडे वळू, कारण या माणसाला आळशी म्हणणाऱ्याने तो सोहळा एकदा पाहायला हवा. समजा, नव्या मशीनमध्ये सात टाकायची आहे. तुकूमच्या रस्त्यावरच्या दुकानातला पोरगा आधी पेन ड्राइव्ह बूटेबल करतो. मग मशीन चालू करून एफ-टू, एफ-टेन, एफ-ट्वेल्व्ह आणि डिलीट ही चारही बटणं एकदम बडवतो, कारण बायोसमध्ये शिरायचं बटण दर कंपनीचं वेगळं आणि शिरायला मिळणारा वेळ डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा. आत गेल्यावर सिक्युअर बूट बंद करायचं, लेगसी चालू करायचं. ज्या मशीनमधून लेगसीच काढून टाकली आहे तिथे इथेच राम म्हणायचा. नसेल काढली, तर सातचा पडदा उघडतो आणि नम्रपणे विचारतो, भाषा कोणती? भाषा निवडायची तर माउस हलत नाही. कीबोर्डही मेलेला. दोन मिनिटांपूर्वी बायोसमध्ये चालत होता तोच कीबोर्ड. कारण साधं आहे: नव्या मशीनची सगळी यूएसबी भोकं तिसऱ्या पिढीची, आणि २००९ साली जन्मलेल्या सातला ती भोकं ओळखू येत नाहीत. त्यांचा ड्रायव्हर टाकला की ओळखते. ड्रायव्हर टाकायला माउस लागतो. मग दुकानाच्या मागच्या खोलीतून गोल पिनेचा एक पिवळा पडलेला कीबोर्ड निघतो. त्याची एस आणि एंटर ही बटणं कायमची आत बसलेली असतात, आणि तो बघून पोराच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटतो तो त्याच्या लग्नातही उमटणार नाही. भाषा निवडली जाते. पुढचा पडदा सांगतो, डिस्क सापडत नाही. समोर डिस्क आहे, पाचशे बारा जीबीची आहे, बिलावर तिची किंमत आहे. पण ती बबलगमच्या चपट्या वडीएवढी नव्या जातीची, आणि सातच्या लेखी ती डिस्कच नाही. तिचाही वेगळा ड्रायव्हर पोटात कालवावा लागतो. मग डिस्क दिसते आणि कळतं, की तिची फाळणी नव्या पद्धतीची आहे, तिच्यावर बसता येणार नाही.

हे सगळं पार पडलं, की विंडोज सात थाटात उभी राहते. अक्षरं घोड्याएवढी, कारण पडद्याचा ड्रायव्हर नाही. आवाज नाही. वायफाय नाही. वायफायचा ड्रायव्हर इंटरनेटवर मिळतो आणि इंटरनेट वायफायवर मिळतं. फोनवरून उतरवून तोही टाकला आणि मशीन एकदाची नेटला लागली, की पहिला निरोप येतो: तुमचा प्रोसेसर या विंडोजबरोबर चालण्यासारखा नाही. २०१७ पासून कंपनीने ही तंबी द्यायला सुरुवात केली. दुकानदार हात पुसत बाहेर येतो. “काका, झालं. फक्त ते मेसेज येते, त्याच्याकडे लक्ष देऊ नका.” काका लक्ष देत नाहीत. एवढा अपमान सोसून, एवढ्या अडथळ्यांतून मागे गेलेल्या माणसाला ‘शिकायची तयारी नाही’ असं पुण्यातून सांगितलं जातं. एक्सपी टाकणाऱ्यांची गाथा याहून थोर, पण थोडक्यात सांगतो: सीडी घातल्यावर निळ्या पडद्याखाली क्षणभर एक ओळ येते, डिस्कचा खास ड्रायव्हर असेल तर एफ-सिक्स दाबा. दाबला, तर ती म्हणते, ए ड्राइव्हमध्ये फ्लॉपी घाला. नाही दाबला, तर पुढे मशीन डिस्क न सापडून निळी पडते. ज्या मशीनला फ्लॉपीचं तोंडच नाही, तिच्या मालकाने या प्रसंगी कोणती फ्लॉपी कुठे घालावी याचं उत्तर सभ्य भाषेत देता येत नाही.

मग लोक हे का करतात? मराठी वाचकाला एक कारण सांगायलाच नको. ज्याने कधी लग्नपत्रिका छापून घेतली आहे त्याने ते पाहिलेलं आहे. आपल्याकडची पंचवीस वर्षांची मराठी श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएम अशा फॉन्टांत कोंडलेली आहे आणि ती पेजमेकरमध्ये उघडते. कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेचे अहवाल, गणेशोत्सव मंडळाचे जमाखर्च, सोसायटीचे ठराव, सगळं तिथे. तीच फाईल नव्या मशीनवर नव्या फॉन्टात उघडली, तर ‘सन्माननीय सभासद’च्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं, उलटी प्रश्नचिन्हं आणि पौंडाची खूण असा ऐवज दिसतो, आणि सभासद खरोखरच तसेच असल्याची शंका येऊ लागते. शिवाय डीटीपी करणाऱ्याच्या बोटांत टायपिंगच्या चाळीसच्या परीक्षेचा टाइपरायटर बसलेला असतो. इनस्क्रिप्टची मांडणी तर्कशुद्ध आहे हे त्याला पटतं, बोटांना पटत नाही. युनिकोड श्रेष्ठच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ज्याला उद्या सकाळी अकराला पत्रिका द्यायची आहे त्याला श्रेष्ठ नको असतं. त्याला उघडणारी फाईल हवी असते. एक्सपीच्या भक्तांनी मात्र इथे फार मान ताठ करू नये. साधं युनिकोड मराठी नीट दिसावं म्हणून तिच्यात कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक चौकोन टिचकवावा लागे आणि लगेच ती म्हणे, विंडोजची सीडी घाला. मराठी वाचण्यासाठी सीडी मागणाऱ्या सिस्टीमवर एवढं प्रेम मराठी माणूसच करू शकतो.

आता सर्वांत वजनदार आक्षेप: जुनी सिस्टीम असुरक्षित असते. असते. यात खळखळ करण्यासारखं काही नाही. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, तरी देशातली एटीएम तिच्यावरच चालत राहिली. शेवटी रिझर्व्ह बँकेला जून २०१८ मध्ये परिपत्रक काढून बँकांना वर्षभराची टप्प्याटप्प्याची मुदत घालून द्यावी लागली, आणि ते योग्यच झालं. ‘आम्ही नेटच लावत नाही’ असं म्हणणाऱ्यांची सुरक्षितताही झेरॉक्सच्या दुकानापर्यंतच टिकते. तिथून परतलेल्या पेन ड्राइव्हमधली प्रत्येक फोल्डर स्वतःचीच शॉर्टकट झालेली असते. पण गंमत अशी, की या आक्षेपाचे पुरावे दोन्हीकडून साक्ष देतात. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्रायने जगभर फायली ओलीस धरल्या, तेव्हा बळी गेलेल्यांत बहुसंख्य मशीन सातच्या होत्या. एक्सपीवर तो व्हायरस शिरायचा आणि ती निळी पडून बंद व्हायची. त्याला काम करायला मशीन काही वेळ चालू राहावी लागते, तेवढाही वेळ ती चालू राहिली नाही. आणि १९ जुलै २०२४ ला सुमारे ८५ लाख मशीन एकाच दिवशी आडव्या झाल्या त्या व्हायरसने नाही, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच अपडेटने. त्या दिवशी आपल्या विमानतळांवर प्रवाशांना पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. डाउनग्रेड म्हणतात ते हे. अकरा नाही, दहा नाही, थेट बॉलपेन; आणि विमानं उडाली.

दुसरा आक्षेप जास्त चतुर आहे. तक्रार सिस्टीमची नसतेच, नुसती नावाची असते, असं काहींचं म्हणणं. त्याला आधारही आहे. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिस्टाला नाकं मुरडणाऱ्या लोकांना बोलावून ‘मोहावी’ नावाची एक नवी सिस्टीम दाखवली. लोक खूश झाले. मग त्यांना सांगितलं, ही व्हिस्टाच आहे. कंपनीने त्याची जाहिरात केली आणि टाळ्या मिळवल्या. शिवाय आज जिच्या आठवणीने गळे दाटतात त्या एक्सपीला २००१ साली लोक लहान मुलांचं खेळणं म्हणत होते आणि काढून ९८ टाकत होते. मग माणूस नुसताच हट्टी ठरला की! पण मोहावीचा प्रयोग नीट पाहा. लोकांनी ती पाहिली, वापरली नाही. कुणी तिच्यावर घरचा प्रिंटर लावला नाही, कुणाची जुनी फाईल तिच्यात उघडली नाही, कुणाला तिच्याबरोबर सोमवार काढावा लागला नाही. शोभेचं स्वयंपाकघर सगळ्याच बायका-पुरुषांना आवडतं. रोजच्या स्वयंपाकघरात मात्र रात्रीतून कुणी येऊन हळदीच्या डब्यात जिरं, जिऱ्याच्या डब्यात खसखस भरून ठेवावी आणि वर ‘तुमच्या सोयीसाठी’ अशी चिठ्ठी लावावी, हे कुणी खपवून घेत नाही, डबे कितीही सुंदर असोत. आणि एक्सपी लाडकी कधी झाली? २००१ च्या अखेरीपासून २००७ च्या सुरुवातीपर्यंत अशी पाच वर्षं तिच्यानंतर काही आलंच नाही म्हणून. तेवढ्या काळात माणसं तिला सरावली, तिचे रुसवे पाठ झाले, ती कुठे अडकते आणि कुठे एक टपली मारली की चालते हे ठाऊक झालं. एमएस-सीआयटी करणाऱ्या एका अख्ख्या पिढीने कॉम्प्युटर म्हणून तिलाच पाहिलं. बदल थांबल्यावर प्रेम सुरू झालं. माझं म्हणणं यापेक्षा वेगळं नाही.

तिसरा आक्षेप ऊर्जानगरच्या नावानेच येतो. तुमच्या पॉवर हाऊसने तरी जुनं कुठे कवटाळलं? एक आणि दोन नंबरची युनिटं निवृत्त केलीच, आठ आणि नऊ नवी उभारलीच. अगदी बरोबर. पण ती कशी उभारली? नवी युनिटं शेजारी बांधली, २०१६ मध्ये सुरू केली. माणसं शिकवली, चाचण्या घेतल्या, आणि तोवर जुनी आपापला लोड देत होती. रात्री दोन वाजता कुणी येऊन २१० च्या युनिटचं ५०० केलं नाही आणि सकाळी पॅनेलवरच्या माणसाला ‘हाय, आम्ही तुमच्यासाठी काही बदल केले आहेत’ असं सांगितलं नाही. शिवाय तीन आणि चार नंबर ऐंशीच्या दशकातलीच आहेत आणि अजून वीज देतात. नव्याला इथे कुणाचाच विरोध नाही. जगातही हीच रीत दिसते. जर्मनीत २०२४ च्या सुरुवातीला रेल्वेच्या यंत्रणेसाठी विंडोज ३.११ जाणणारा माणूस हवा, अशी नोकरीची जाहिरात निघाली. ही सिस्टीम १९९३ ची. तिथली गाडी त्यामुळे खोळंबली असं कुणी म्हटलं नाही. खोळंबतात त्या गाड्यांची कारणं बरीच अलीकडची असतात.

मधला मार्ग काढणारेही आहेत. ते अकरा ठेवतात, पण तिचं स्टार्ट बटण डाव्या कोपऱ्यात सरकवून घेतात, आणि पडद्यावर एक्सपीतली ती हिरवी टेकडी लावतात. चार्ल्स ओ’रिअर या छायाचित्रकाराने १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात टिपलेली ती टेकडी. दुर्गापूरकडे टेकड्या भरपूर आहेत. पण त्या कोळशावरची माती उपसून रचलेल्या ओबीच्या, त्यामुळे कॅलिफोर्नियाची लावावी लागते. मात्र पक्क्या विचारांच्या गिऱ्हाइकाला एवढ्याने समाधान नसतं. तो काउंटरवर कोपर टेकून उभा राहतो, आणि दुकानदार आपलं कर्तव्य म्हणून त्याला शेवटचा इशारा देतो.

“काका, दहा टाकून देतो. पण तिचा सपोर्ट संपला, १४ ऑक्टोबर २०२५ लाच.”

“म्हणजे काय होईल?”

“तिचे अपडेट येणार नाहीत.”

“मोठे की लहान?”

“कोणतेच नाहीत.”

“रात्रीचे?”

“रात्रीचे नाहीत, दिवसाचे नाहीत. हां, तसं नाव नोंदवलं तर एक वर्ष अजून येतात. २०२६ च्या ऑक्टोबरपर्यंत. नोंदवू का?”

“कायले? नोंदवू नको. टाक दहा.”